रस्त्यावरचा नाच टीव्हीच्या ऑडिशनपर्यंत कसा न्यायचा

३१ मे २००८ ला 'ब्रिटन्स गॉट टॅलेंट' या स्पर्धेची अंतिम फेरी एका १४ वर्षांच्या पोराने जिंकली. जॉर्ज सॅम्पसन त्याचं नाव, वॉरिंग्टन हे त्याचं गाव. रंगमंचावर वरून पाणी पडत होतं आणि त्या ओल्या फरशीवर तो बी-बॉइंग, म्हणजे हातापाठीवर फिरत करायचा ब्रेकिंग नाच, करत होता. त्याला १ लाख पौंडांचं बक्षीस मिळालं आणि राजघराण्यासमोरच्या वार्षिक कार्यक्रमात नाचायचा मान मिळाला. दुसरा क्रमांक 'सिग्नेचर' नावाच्या जोडीला गेला. मायकल जॅक्सनच्या चालीत भांगडा मिसळणारी ही दोघं मूळची आपल्याच उपखंडातली.

मला यातली आधीची गोष्ट जास्त मोलाची वाटते. २००७ मध्ये हाच मुलगा याच स्पर्धेत आला होता आणि उपांत्य फेरीपर्यंतही पोचला नव्हता. मँचेस्टरच्या मार्केट स्ट्रीटवर, खरेदीला निघालेल्या माणसांपुढे नाचून तो आपल्या डान्स क्लासची फी काढायचा. पुढच्या वर्षी तो परत आला तेव्हा थांबायला तयार नसलेल्या माणसाला थांबवायचं कसं, हे त्याला ठाऊक होतं.

मी बरीच वर्षं कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात मुलांना हिपहॉप शिकवतो. दर वर्षी कुठल्या ना कुठल्या वाहिनीची जाहिरात लागते आणि संध्याकाळी तीन-चार पोरं दारात येऊन उभी राहतात, "सर, ऑडिशनला काय नाचू?" त्यांना तुकड्यातुकड्यांत सांगत आलो ते इथे सलग लिहितो.

आधी माणसांसमोर नाचा

आरशासमोर पाच वर्षं नाचलेला मुलगा ऑडिशनला गडबडतो, आणि गणपतीत मंडळाच्या स्टेजवर दहा वर्षं नाचलेला मुलगा तिथे सहज उभा राहतो. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचं आश्चर्य वाटत नाही. आरसा कधी उठून जात नाही, माणसं जातात.

म्हणून पहिली पायरी म्हणजे सायफर शोधणं. सायफर म्हणजे गोल करून उभे राहिलेले डान्सर. एकेकाने मध्ये यायचं, वीस-तीस सेकंद नाचायचं, बाहेर पडायचं. जवळ सायफर नसेल तर तुम्हीच सुरू करा. चार जणं आणि एक ब्लूटूथ स्पीकर पुरतो. बागेत किंवा स्टेशनबाहेरच्या मोकळ्या जागेत नाचणार असाल तर तिथल्या सुरक्षारक्षकाला आधी भेटा आणि आवाज किती वाजेपर्यंत चालेल ते विचारून घ्या. विचारलं की बहुतेक जण एक कोपरा देतात.

आता एक गोष्ट करून पाहा. मित्राच्या हातात फोन द्या, पण कॅमेरा तुमच्याकडे नको, बघणाऱ्यांकडे वळवायला सांगा. घरी येऊन तो व्हिडिओ गाण्याच्या सेकंदांशी लावून बघा. कुठल्या सेकंदाला लोक स्वतःच्या मोबाइलमध्ये पाहू लागले? कुठे एखादी बाई पिशवी खाली ठेवून थांबली? माझ्याकडच्या एका मुलाचा अवघड विंडमिल (पाठीवर गरगर फिरत पाय हवेत फिरवणं) चालू असताना लोक इकडेतिकडे बघत होते, आणि तो उठून टोपी झटकून एका बीटवर नुसता थबकला तेव्हा सगळ्यांच्या माना वळल्या. त्याने तो थबकण्याचा क्षण पुढे सरकवून सुरुवातीला आणला. तीन वर्षांच्या शिकवणीत मी त्याला जे देऊ शकलो नव्हतो ते त्या दोन मिनिटांच्या व्हिडिओने दिलं.

आपला नाच कोणता, हे सांगता आलं पाहिजे

परीक्षक विचारतात, "कुठला फॉर्म करतोस?" यावर "सगळे" हे उत्तर देऊ नका. ब्रेकिंग १९७३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात, डीजे कूल हर्कच्या पार्ट्यांमध्ये आकाराला आलं. लॉकिंग (मध्येच गोठल्यासारखं थबकत नाचणं) लॉस एंजेलिसच्या डॉन कॅम्पबेलचं, पॉपिंग (स्नायूंना झटके देत नाचणं) फ्रेझ्नोच्या बूगालू सॅमचं. क्रम्प (छाती-हात जोरात झटकत, आवेशाने नाचणं) बरंच नंतरचं, तेही लॉस एंजेलिसच्या वस्त्यांमधलं. एवढं माहीत असलेला मुलगा उभा राहतो तोच वेगळा. ब्रेकिंग २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्येही पोचलं, जपानची अमी आणि कॅनडाचा फिल विझार्ड यांनी सुवर्ण जिंकलं. घरच्यांना "हे काय फरशीवर लोळणं" वाटत असेल तर त्यांना त्या लढतींचे व्हिडिओ दाखवा. माझ्या दोन विद्यार्थ्यांच्या वडिलांचा विरोध त्यानंतर मावळला.

एका शैलीत पाय घट्ट रोवा आणि दुसरी तोंडी लावण्यापुरती ठेवा. आपल्या मातीतलं काही मिसळायचं असेल तर ते खरोखर अंगात असलेलं हवं. शाळेपासून लेझीम खेळलेल्या मुलाच्या मनगटात जी लय असते ती पॉपिंगमध्ये फार सुंदर उतरते. पण ऑडिशनपुरतं फेटा बांधून यूट्यूबवरून चार पावलं उचलणाऱ्याची उसनवारी लगेच कळते. ओडिशातल्या बेरहामपूरच्या 'प्रिन्स डान्स ग्रुप'मध्ये बहुतेक जण मजुरी करणारे होते. २००९ मध्ये 'इंडियाज गॉट टॅलेंट'चा पहिला हंगाम त्यांनी जिंकला तो अंगाला रंग फासून देवादिकांचे प्रसंग शरीराने उभे करून. ते विषय लहानपणापासून त्यांच्या ओळखीचे होते.

दीड मिनिट कसं बांधायचं

पहिल्या फेरीत साधारण साठ ते नव्वद सेकंद मिळतात असं धरून चला, आणि कधी कधी परीक्षक त्याआधीच हात वर करतात. मिनिटाला १०० बीटचं गाणं घेतलं तर नव्वद सेकंदांत १५० बीट होतात. आठ-आठच्या मोजणीत जेमतेम १९ आठे. वहीत १९ ओळी आखा, प्रत्येक आठ्यासमोर काय करणार ते लिहा. मुलं याला कंटाळतात, पण लिहिल्यावरच दिसतं की सहा आठे नुसते चालण्यात गेलेत.

पहिल्या दोन आठ्यांत तुमची चाल, तुमचा चेहरा, तुमचा बीट पकडण्याचा हिसका दिसू दे. तिथे हातघाईने उड्या नकोत. सगळ्यात अवघड पॉवर मूव्ह (अंग गरगर फिरवायची ताकदीची मूव्ह) शेवटासाठी राखून ठेवायची चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. शेवटी दम संपलेला असतो, घामाने तळहात निसटतो. ती मूव्ह बाराव्या-तेराव्या आठ्याला घ्या. त्यानंतर एक आठा अगदी हळू जाऊ द्या, आणि शेवट अशा फ्रीझवर, म्हणजे गोठवलेल्या पोझवर, करा जो पूर्ण तीन सेकंद न हलता धरता येतो. डळमळणाऱ्या अवघड एअर चेअर फ्रीझपेक्षा घट्ट धरलेला सोपा बेबी फ्रीझ केव्हाही बरा.

गाणं कापताना मधली जोडणी बीटवर बसली पाहिजे आणि शेवट तुटक हवा. आवाज हळूहळू विरत गेला की तुमचा फ्रीझही विरून जातो. फाइल पेनड्राइव्हमध्ये ठेवा, दोन फोनमध्ये ठेवा, नेटवर अवलंबून राहू नका.

आणि बिनसंगीताचा सराव करा. माझा एक सोळा वर्षांचा विद्यार्थी ऑडिशनला उभा असताना गाणं अकराव्या सेकंदाला बंद पडलं. तांत्रिक माणूस वायरी चाचपत होता. तो मुलगा थांबला नाही. तोंडाने बीट काढत, मांडीवर थाप मारत त्याने पुढचे दोन आठे पूर्ण केले, मग गाणं पुन्हा लागलं. त्याची निवड झाली, आणि मला खात्री आहे की ती त्या दोन आठ्यांमुळे झाली. आम्ही दर गुरुवारी स्पीकर बंद ठेवून सराव करायचो, तोच तिथे कामाला आला.

फॉर्म, व्हिडिओ आणि ठकसेन

आता बऱ्याच स्पर्धांची पहिली चाळणी व्हिडिओवर होते. फोन आडवा धरा, स्टुलावर किंवा पुस्तकांच्या थप्पीवर टेकवा. डोक्यापासून बुटांपर्यंत पूर्ण शरीर दिसलं पाहिजे, कारण फूटवर्क कापलं गेलं तर स्ट्रीट डान्सरचं अर्धं काम गेलं. एकाच सलग टेकमध्ये घ्या. फिल्टर, वेग वाढवणं, मध्येच झूम, काही नको. मागे दोरीवर कपडे वाळत असले तरी चालतील, अंधार चालणार नाही. सकाळी दहाच्या आत गच्चीवर उजेड छान मिळतो. सुरुवातीला नाव, वय, गाव आणि शैली एवढं बोला, दहा सेकंदांत.

नावाजलेल्या डान्स शोच्या ऑडिशनला फी नसते. जाहिरात वाहिनीवर आणि वाहिनीच्या अधिकृत ॲपवर किंवा पानावर असते. "तुमचं सिलेक्शन झालंय, ड्रेस आणि रजिस्ट्रेशनचे साडेसहा हजार गूगल पे करा" असा फोन आला की बंद करा. आमच्या इमारतीतल्या एका आईने असे पैसे भरले, मुलीसाठी चमकीचा ड्रेसही शिवून घेतला. दिलेल्या पत्त्यावर गेली तर तिथे कुलूप होतं. ती बिचारी महिनाभर मुलीच्या नजरेला नजर देऊ शकत नव्हती. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका, सायबर फसवणुकीसाठी १९३० हा राष्ट्रीय क्रमांक आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम मध्येच अडवली जाण्याची शक्यता जास्त.

ऑडिशनचा दिवस

पहाटेची लोकल पकडा. रांग लांब असते, नंबर छातीवर चिकटतो आणि मग सहा-सात तास नुसतं बसणं. आधार कार्डाची प्रत, दोन फोटो, आणि १८ वर्षांखाली असाल तर आई किंवा वडील सोबत हवेत. डब्यात पोळी-भाजी, केळी, गूळ-शेंगदाणे ठेवा. वडापाव नंतर. रांगेत पोरं हौसेने सायफर करतात आणि दुपारी दोनला आत जाताना पाय जड झालेले असतात. एकदा-दोनदा जा, मजा घ्या, पण अंग राखा.

बुटांचे दोन जोड न्या. स्टुडिओची फरशी कधी काचेसारखी गुळगुळीत असते, कधी विनाइलची चिकट. एका जोडाचा तळ जुना, घासलेला हवा, दुसऱ्याचा पकड असलेला. गुडघ्याचे पॅड ट्रॅकपँटच्या आत घाला. नंबर जवळ आला की दहा मिनिटं मनगटं, मान आणि कंबर सोडवून घ्या.

तुमची कहाणी

नाच झाला की कॅमेरा घेऊन कोणीतरी विचारतं, घरी कोण असतं, वडील काय करतात, किती हाल काढले. ही मंडळी आपलं काम करत असतात, गोष्ट असलेला स्पर्धक प्रेक्षकांच्या लक्षात राहतो. पण काय सांगायचं ते तुम्ही ठरवायचं, आणि घरी बसून आईबाबांशी बोलून आधीच ठरवायचं. वडिलांच्या व्यसनाबद्दल किंवा घरातल्या कर्जाबद्दल सांगितलेलं वाक्य पुढची पाच वर्षं यूट्यूबवर राहतं, धाकट्या बहिणीच्या शाळेत पोचतं. "हे मला कॅमेऱ्यासमोर बोलायचं नाही" असं नम्रपणे म्हणता येतं. म्हणून निवड हुकलेला मुलगा मी अजून पाहिलेला नाही.

त्याऐवजी नाचाची गोष्ट सांगा. पहिली स्टेप कोणाची बघून शिकलात, कुठल्या पुलाखाली सराव करता, तुमच्या क्रूचं, म्हणजे डान्स गटाचं, नाव कसं पडलं. तुम्हाला जी भाषा सहज येते तीत बोला. हिंदी अडखळत असेल तर अडखळू दे.

मूल चौदा वर्षांखालचं असेल तर पालकांनी हे वाचावं

बालकामगार कायद्यात २०१६ मध्ये दुरुस्ती झाली, २०१७ मध्ये नियम आले. टीव्हीवरचे रिॲलिटी आणि टॅलेंट शो त्यात येतात. निर्मात्याला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. मुलाला दिवसात पाच तासांपेक्षा जास्त आणि विश्रांतीशिवाय तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही. सलग २७ दिवसांहून अधिक काळ कामावर ठेवता येत नाही. मुलाच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्याच नावाने राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत टाकावे लागतात. आणि मुलाची इच्छा नसेल तर त्याला भाग घ्यायला लावता येत नाही. हा शेवटचा नियम निर्मात्याइतकाच तुम्हा-आम्हालाही लागू आहे असं मी मानतो.

रात्री अकरा वाजता मूल डुलक्या घेत असेल आणि कोणी "बस, एक शेवटचा टेक" म्हणत असेल, तर उठा आणि मुलाला घरी न्या. गाणं आणि हावभाव वयाला शोभत नसतील तर तेही तिथल्या तिथे सांगा. लहान मुलांना डान्स शोमध्ये अशोभनीय रीतीने दाखवू नये, अशी सूचना माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने जून २०१९ मध्येच वाहिन्यांना दिलेली आहे.

मान, पाठ आणि गादी

सॅम्पसनला पाठीच्या कण्याचा श्यूअरमन नावाचा आजार होता. वाढत्या वयात मणके पुढच्या बाजूने दबतात आणि पाठीला बाक येतो. डोक्यावर फिरणं धोक्याचं आहे, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. हेडस्पिन करायचा असेल तर आधी सहा महिने मानेचे आणि खांद्याचे व्यायाम, जाड टोपी, आणि शेजारी कोणीतरी हवंच. हाताला मुंग्या आल्या किंवा मान दुखून डोकं जड झालं तर त्या दिवशी सराव बंद आणि हाडांच्या डॉक्टरांकडे. मालिशवाल्याकडे नाही.

मुंबईचा 'व्ही. अनबीटेबल' हा क्रू तुम्ही पाहिला असेल. थरावर थर, हवेत फेकलेली पोरं, गोविंदा पथकाची आठवण व्हावी असं काम. २०१९ मध्ये 'अमेरिकाज गॉट टॅलेंट'मध्ये त्यांचा चौथा क्रमांक आला आणि २०२० मध्ये त्याच्याच 'द चॅम्पियन्स' या स्पर्धेत ते पहिले आले. त्यांच्या नावातला 'व्ही' हा त्यांच्या विकास या साथीदाराचा आहे. सरावात पडून तो जबर जखमी झाला आणि वाचला नाही. त्याचं नाव पाठीवर लावून ही मुलं नाचली. त्यांचे व्हिडिओ बघून फेकाफेकीचे प्रकार करायला निघालेल्या प्रत्येक क्रूला मी आधी गादी किती जाडीची आहे ते विचारतो. गादी नसेल तर वाळूत सराव करा, वाळू नसेल तर तो स्टंट करूच नका.

सही करण्याआधी

निवड झाली की करार येतो. दहा-वीस पानांचा, इंग्रजीत. तो घरी न्यायला मागा आणि एखाद्या वकिलाला दाखवा. चार गोष्टी शोधायच्या: किती महिने दुसऱ्या वाहिनीवर किंवा स्टेजवर नाचता येणार नाही, तुमच्या स्वतःच्या चॅनेलवर व्हिडिओ टाकता येतील का, शो संपल्यावर मिळणाऱ्या कामातला किती टक्के हिस्सा कोणाला जाणार, आणि मुंबईतलं राहणं, जेवण, कपडे यांचा खर्च कोण करणार. पुण्या-मुंबईबाहेरच्या मुलांना शेवटचा मुद्दा फार जड जातो.

बक्षिसावर ३० टक्के कर आणि वर उपकर लागतो. १० लाख जिंकलात तर सुमारे ३ लाख १२ हजार त्यातच जातात. क्रू असेल तर उरलेली रक्कम कशी वाटायची हे ऑडिशनच्या आधी कागदावर लिहा, सगळ्यांनी सह्या करा. जिंकल्यावर फुटलेले क्रू मी पाहिलेत. भांडण पैशांवरून होतं आणि तुटतात शाळेपासूनचे मित्र.

प्रसिद्धीचा भर सहा-आठ महिने असतो. त्या काळात वर्कशॉप घ्या, गावोगावी शिकवा, प्रत्येक कामाची पावती ठेवा, आणि रोजचा सराव त्याच जुन्या जागी करा. वसईच्या 'किंग्ज' या क्रूनी २०१९ मध्ये अमेरिकेत 'वर्ल्ड ऑफ डान्स' जिंकलं, १० लाख डॉलरचं बक्षीस मिळवलं, अंतिम फेरीत पूर्ण १०० गुण घेतले. त्याआधी २०१५ मध्ये सॅन डिएगोच्या जागतिक हिपहॉप स्पर्धेतलं कांस्य होतं, त्याआधी आपल्याकडच्या वाहिन्यांवरच्या स्पर्धा होत्या, आणि या सगळ्याच्या खाली वर्षानुवर्षांचा वसई-नालासोपाऱ्यातला सराव होता.

"नाही" आलं तर

बहुतेकांना ते येणार आहे. त्या संध्याकाळी फोन बंद ठेवा, जेवा, झोपा. दुसऱ्या दिवशी वहीत लिहा: परीक्षक नेमकं काय म्हणाले, कुठल्या आठ्याला दम लागला, समोर कोणाचा नाच बघून तुम्ही स्वतःला विसरलात. तिसरं उत्तर सगळ्यात कामाचं असतं, तिथून तुमचा पुढचा अभ्यास सुरू होतो.

पुढच्या हंगामापर्यंत बहुधा दहा-अकरा महिने हातात असतात. पहिले तीन महिने ऑडिशनचं गाणं वाजवायचंच नाही. नवी गाणी, नवे सायफर, अनोळखी स्टेशन. चौथ्या महिन्यात १९ ओळींचं कोरं पान काढा, आणि रविवारी मित्राच्या हातात पुन्हा फोन द्या, कॅमेरा बघणाऱ्यांकडे.